लॅबमधल्या पाच कोरियन मुली

आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर स्टिकर लागतं. रक्ताच्या ट्यूबवर, लघवीच्या डबीवर, फ्रिजच्या कप्प्यांवर. सावंत मॅडमनी तर आपल्या चहाच्या मगवरसुद्धा लावलंय. किस्स्यांना तेवढं स्टिकर नाही. त्यामुळे ते कुठेही पडून राहतात आणि दुपारी डबे उघडले की चारपाच एकदम बाहेर येतात! परवा तेजल म्हणाली, "स्मिताताई, लिहून ठेवा ना यार. कांबळे सर दर वेळी त्यात मीठमसाला घालतात."

म्हणून लिहितेय.

लॅब मुलुंड पश्चिमेला. माणसं चार. सावंत मॅडम इन्चार्ज, मूळच्या मालवणच्या. कांबळे घरोघरी जाऊन रक्त घेऊन येतो. मी बाहेर खुर्चीत बसलेल्यांचं रक्त काढते, गेली वीस वर्षं. आणि तेजल, सगळ्यात धाकटी, दिंडोशीहून येते. याशिवाय पाच मुली, ज्या सोलमध्ये राहतात, गातात, नाचतात आणि ज्यांना आम्ही अस्तित्वात आहोत हेच माहीत नाही. त्यांच्या ग्रुपचं नाव मी लिहीत नाही. तीनदा लिहून बघितलं. तिन्ही वेळा तेजल म्हणाली, "स्पेलिंग चुकलं!"

* * *

तेजल नोकरीला लागली ती गाणं घेऊनच. सकाळी मशीन सुरू केलं की शेजारी फोनवर एकच गाणं. संपलं की परत तेच. चौथ्या दिवशी सावंत मॅडम आतून आल्या. चिडल्या की त्या मालवणीत शिरतात.

"गो, ह्यां काय लावलंस? रोज ताच ता?"

"मॅडम, नवीन गाणं आलंय त्यांचं. कंपनी छोटी आहे, जाहिरातबिहिरात काही नाही. आपण जेवढ्या वेळा ऐकू तेवढं चार्टवर वर सरकतं."

"मग आवाज बंद करून लाव."

"म्यूट केलं तर मोजत नाहीत मॅडम."

मॅडम थांबल्या. ज्या बाईने आयुष्यभर पेशी मोजल्या, तिला 'मोजत नाहीत' हा शब्द सहन होत नाही.

"म्हणजे ह्यां मतदान!"

"हो, तसंच समजा."

"मग तू एकटीच काय करतंस? स्मिता, तुझो फोन काढ. कांबळे, तुझोय!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सकाळच्या कामांची यादी मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात बदललेली होती. एक, मशीनची तपासणी. दोन, फ्रिजचं तापमान. तीन, गाणं.

पुढच्याच महिन्यात लॅबच्या तपासणीला एक गंभीर गृहस्थ आले. त्यांनी फळा दोनदा वाचला. "मॅडम, हे तीन नंबरचं काय आहे?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ते मशीनवर होत नाही, फोनवर होतं. पण चुकवलेलं नाही कधी."

* * *

लहान मुलांचं रक्त काढणं म्हणजे अर्धं काम हाताचं, अर्धं तोंडाचं. एकदा सात वर्षांची एक मुलगी आली. आईच्या मांडीवर, मुठी घट्ट, आणि किंचाळी अशी की बाहेरचा रिक्षावाला डोकावून गेला!

तिच्या टी-शर्टवर ह्याच पाच जणी होत्या. ग्रुपचं गाणं सुरू होण्याआधी चाहते तालात पाची नावं ओरडतात. ते मला रोज ऐकून पाठ झालं होतं. मी दंडाला पट्टा बांधत ती नावं घ्यायला लागले. एक, दोन, तीन...

किंचाळी थांबली. मुलगी माझ्याकडे अत्यंत कीव करून बघत होती.

"काकू, चौथी आधी येते. मग तिसरी. तुम्ही परत म्हणा."

मी परत म्हटलं. परत चुकले. तिने मला तीनदा म्हणायला लावलं. तोवर ट्यूब भरली, कापूस लागला, पट्टी लागली. ती उठली आणि दारातून आईला म्हणाली, "काकूंना काहीच येत नाही गं. पण ट्राय करतात."

* * *

मॅडमना ती कोरियन नावं काही जमेनात. त्यांनी आपल्या सोयीसाठी गावाकडच्या बहिणींची नावं दिली. लांब केसांची ती सुमन, घोगऱ्या आवाजाची ती शालू. तेजल आधी खूप वैतागली. आता तीही म्हणते, "आज सुमनचा बर्थडे आहे."

त्यांचे चार अल्बम आम्ही मिळून मागवले. प्रत्येक अल्बममध्ये पाचांपैकी एकीचा छोटा फोटो निघतो, कुणाचा ते नशिबावर. मॅडमना सुमन निघाली. त्यांनी तो फोटो मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमध्ये मागून लावला.

काउंटरवर एक ओळखीच्या बाई तो फोन बघून म्हणाल्या, "अगंबाई! सून का? गोड आहे हो. कुठली?"

मॅडमचा मुलगा पस्तिशीचा. लग्नाचा विषय काढला की जेवणावरून उठतो. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या.

मॅडमनी फोन उलटा करून फोटोकडे बघितलं. "लांबची आहे. कामात असते सारखी. बरं जेवते की नाही, काळजी वाटते."

एकही शब्द खोटा नव्हता!

* * *

तेजलची परीक्षा राहिली होती. रक्ताच्या विषयात नापास. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार तिच्या डोक्यात राहायचेच नाहीत. ती स्टुलावर बसून रडत होती. "मॅडम, माझी वाट लागलीय. मी दुसरं काहीतरी बघते."

मॅडमनी तिला मायक्रोस्कोपपाशी ओढून आणलं. "तुझ्या पोरी किती?"

"पाच."

"ह्या किती?"

"...पाच."

"झाला तर! न्यूट्रोफिल म्हणजे लीडर. संख्येने जास्त, आधी पुढे धावणार. मोनोसाइट म्हणजे ती उंच, अंगाने मोठी."

असं करत चार झाल्या. पाचवी बेसोफिल, ती स्लाइडवर शोधूनही सापडत नाही. तेजल हळूच म्हणाली, "ही आमची धाकटी. तिला गाण्यात लाईनच देत नाहीत. एवढं चांगलं गाते ती!"

"दिसत नाही म्हणून नसते असा नाय," मॅडम म्हणाल्या. "मी अजून शोधतंय. सापडली की आनंद होतो."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं विचारलं, "बेसोफिल कमी का दिसतात?"

तेजल घाबरून बोलून गेली, "सर, तिला लाईन्स कमी आहेत!"

नंतर तिने सावरून बरोबर उत्तर दिलं. पास झाली. पण सर बाहेर पडताना शेजारच्या परीक्षक बाईंना म्हणाले म्हणे, "इतक्या प्रेमाने बेसोफिलबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं."

* * *

ग्रुपचं तिसरं गाणं चढत चढत अगदी वर पोहोचलं. तिकडे टीव्हीवर दर आठवड्याला पहिला नंबर जाहीर करतात. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. आम्ही चौघं फोनभोवती डोकी एकत्र करून उभे. काउंटर रिकामं.

एक काका काच ठोठावत होते. "अहो, माझा शुगरचा रिपोर्ट! अर्धा तास झाला!"

"दोन मिनिटं काका!"

"कसली दोन मिनिटं? मी तक्रार करेन!"

तेवढ्यात नाव जाहीर झालं. आमच्याच पोरी! त्या स्टेजवर एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. इथे तेजल रडायला लागली, कांबळेने चष्मा काढून पुसला, मॅडम उगाचच फ्रिज उघडून बघत राहिल्या. मी बाहेर आले तर डोळे माझेही ओले.

काकांचा चेहरा उतरला. "काय झालं? कुणाचं काही वाईट..."

"नाही हो काका. आमच्या मुली पहिल्या आल्या."

काकांचा राग कुठल्या कुठे गेला. "अरे वा! अभिनंदन! मग पेढे कुठेयत?"

आतून मॅडमचा आवाज आला, "त्यांना नाही. मी रिपोर्ट बघितलाय!"

* * *

कांबळेचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी गायन पार्टीत गायचे. आंबेडकर जयंतीला रात्र रात्र कार्यक्रम. आता सत्तरी उलटली, नजर अधू झाली, कांजूरमार्गच्या घरी खुर्चीत बसून असतात. कांबळे घरीही आमचं 'मतदान' करायचा, त्यामुळे आबांच्या कानावर ती गाणी पडायची.

एक नवं गाणं आलं. आबांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "दुसरं कडवं म्हणणारी पोरगी आजारी आहे."

"आबा, तुम्हाला भाषा तरी कळते का?"

"श्वास कळतो ना! शेवटच्या शब्दाआधी चोरून घेतेय. गळा दुखतोय तिचा. सांग त्यांना."

कांबळे हसत हसत आम्हाला सांगत होता. दुसरं कडवं म्हणजे शालू. तेजल नाही हसली. तीन आठवड्यांनी कंपनीने जाहीर केलं: शालूच्या गळ्यावर उपचार चालू आहेत, ती काही महिने गाणार नाही.

त्या दिवसापासून आबा रोज विचारायचे, "पोरगी कशी आहे?" सांगण्यासारखं काही नसायचं. कांबळे नुसतं म्हणायचा, "आराम करतेय आबा." मग ते आपलं औषध घ्यायचे. एरवी त्यासाठी भांडण व्हायचं, पण आता म्हणायचे, "ती घेत असेल ना? मग मी पण घेतो."

सहा महिन्यांनी नवीन गाणं आलं. त्यात शालू होती. आम्ही लॅबमध्येही लावलं नाही. कांबळेने आधी घरी आबांना ऐकवलं आणि आम्हाला फोनवर धरून ठेवलं. गाणं संपलं. मग आबांचा आवाज आला.

"बरी आहे. कडवं सोपं बांधून दिलंय तिला." आणि वर म्हणाले, "चांगली माणसं आहेत तिथली."

* * *

गेल्या वर्षी एक कोरियन बाई लॅबमध्ये आली. खरीखुरी! तिशीची असेल. नवऱ्याची नोकरी इथे, घर कांजूरमार्गच्या एका टॉवरमध्ये, पण त्या आठवड्यात नवरा परगावी. हातात डॉक्टरची चिठ्ठी. दिवस राहिलेत का, आणि राहिले असतील तर नीट वाढतायत का, ते बघायची रक्ततपासणी. आज एकदा आणि परवा पुन्हा. आकडा दुप्पट व्हायला हवा.

तिने फोनवर काहीतरी टाइप करून भाषांतर माझ्यापुढे धरलं. 'याआधी दोनदा टिकलं नाही.'

हात थंडगार होते तिचे. शीर सापडेना. मी तेजलला हाक मारली, "तुला येतं ना गं त्यांचं? बोल काहीतरी!"

तेजलला येतं ते सगळं गाण्यांतलं. ती बाईसमोर गुडघ्यावर बसली आणि एक मोठं वाक्य बोलली. बाई आधी दचकली, मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तिने फोनवर लिहून दाखवलं. 'ही म्हणते, माझा हात धर, पहाट होईपर्यंत आपण नाचू.'

हसण्यात हात सैल झाला. मी सुई घातली आणि वीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "झालं झालं झालं." खरं तर तेव्हा काहीच झालेलं नसतं. सुरुवात असते. पण मी प्रत्येकाला म्हणते.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. रक्त काढताना ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. "झालं झालं झालं," मी म्हटलं. तिने मान हलवली.

संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आली. सावंत मॅडमचा नियम कडक. अर्थ डॉक्टर सांगतील. आपण आकडा छापायचा, चेहरा छापायचा नाही. तेजलला आत पाठवलं, कारण तिचा चेहरा वाचता येत होता. कांबळेने पाठ फिरवली. मी प्रिंटरमध्ये कागद शोधायला लागले. बाई काउंटरला धरून उभी.

मॅडमनी पाकीट बंद केलं आणि बाहेर येऊन तिला दोन्ही हातांनी दिलं. तिकडे मानाने काही द्यायचं तर असं दोन्ही हातांनी देतात. एरवी मॅडम पाकीट काउंटरवर सरकवतात.

बाईने पाकीट उघडलंच नाही. ती मॅडमच्या हातांकडे बघत राहिली. मग कमरेत वाकून नमस्कार केला, आणि बराच वेळ वर आलीच नाही.

त्यानंतर कित्येक महिने ती दिसली नाही. परवा सकाळी दार उघडलं, तर ती आणि नवरा. तिच्या कुशीत पाच दिवसांची मुलगी, जराशी पिवळी. डॉक्टरनी काविळीची तपासणी सांगितलेली. इतक्या लहान बाळाच्या टाचेला टोचून थेंब घ्यावा लागतो. मी हात दोनदा पुसले.

मी तो एवढासा पाय हातात धरला. टोचलं. बाळाने अख्ख्या अंगाने टाहो फोडला, आणि मी माझं नेहमीचं म्हणायचंच विसरले.

आई तिच्यावर वाकली. गालाला गाल लावला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"जाल्ल जाल्ल जाल्ल."