मागच्या सीटच्या स्प्रिंगा

लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक मोटरसायकल यांनी घेतली. हे सेनगावला सलोतरी, म्हणजे गुरांचे डॉक्टर. पुढच्या सीटखाली स्प्रिंगा होत्या. मागं नुसतं लोखंडी कॅरियर. त्यावर घोंगडी टाकून मी बसायची. मागच्या चाकाला धक्का झेलणारं काहीच नव्हतं. खड्डा आला की कण्यातून थेट टाळूपर्यंत हादरा जायचा.

पहिल्या खेपेला, चौथ्या महिन्यात, मी तशीच बसून माहेरी गेले आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. हादऱ्यांनीच झालं का, कुणी सांगू शकलं नाही. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

पुन्हा दिवस गेले तेव्हा हे गाडी घेऊन लोहाराकडे गेले. डॉक्टरीणबाई हिंगोलीला, आणि बैलगाडीनं तिथं पोचायला अख्खा दिवस लागायचा. वेळ आलीच तर मोटरसायकल तयार हवी. लोहारानं मोडक्या लॉरीच्या सीटमधल्या चार स्प्रिंगा कॅरियरवर बसवल्या, वर काथ्याची गादी. माझ्या वजनाचं ज्वारीचं पोतं बांधून यांनी गावाबाहेर चक्कर मारली. स्प्रिंगा पार दबून लोखंडावर आपटत होत्या. जाड घातल्या, तर पोतं उडायला लागलं.

चार दिवसांनी लोहार म्हणाला, "साहेब, पोत्याला काय तकलीफ? काहून त्याला फिरवून राहिले? बाईला बसवा अन् पुसा."

उभ्या गाडीवर मी बसले. लोहारानं मागून सीट दाबली.

"कुठं लागतं, बाई?"

"कमरेत."

त्यानं दोन जाड स्प्रिंगा काढून पातळ घातल्या. "आता?"

"आता नाही," मी म्हणाले. खरंच लागत नव्हतं, की यांचा चेहरा बघून तसं म्हणाले, मलाच कळलं नाही.

सातव्या महिन्यात एका सकाळी अंगावरून जायला लागलं. पोटात हालचालही नव्हती. यांनी गाडी काढली. रस्ताभर मी यांचा सदरा मुठीत धरून पोटाकडे लक्ष देत होते. प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखायचा, मग सोडायचा. हिंगोली थोडी राहिली असताना खाडकन आवाज झाला. माझ्या आतच काही तुटलं असं वाटून मी ओरडले.

एक स्प्रिंग तुटून सीट कलली होती. हे खाली बसले, पिशवीतलं दावं काढून सीट बांधू लागले. गाठ बसेना. खाली बघतच म्हणाले, "मागच्या वेळी मी हळू चालवायला पाहिजे होती."

दोन वर्षांत पहिल्यांदाच हे त्याबद्दल बोलले. मला रडू आलं, पण रडायलाही भीती वाटत होती.

"आता हळू चालवा," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी पोटावर ठेवून कान लावला. नळी सरकवली. पुन्हा सरकवली. मी त्यांच्या भुवयांकडे बघत राहिले.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या.

"बाहेर हे उभे आहेत. आधी त्यांना सांगा."

मला तिथंच झोपवून ठेवलं. दोन महिन्यांनी मुलगी झाली, चांगली ठणठणीत. रोज गाईंची वासरं ओढून काढणारा माणूस, पण आठ दिवस तिला हातात घेईना. "पडेल," एवढंच म्हणायचे आणि पाळण्याशी उभे राहायचे.