उत्तमचा कोपरा

शहाड मागे पडलं तेव्हा उत्तमने माझा दंड धरला. हा माझा धाकटा भाऊ. संकष्टीला आम्ही टिटवाळ्याला पायी निघालो की पूर्वी हाच पुढे असायचा. आता काचबिंदूमुळे त्याला नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढंच दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

"ताई, वाटभर देवाशी बोलतेस. मध्ये खड्डा आला तर मलाही सांग."

डोंबिवलीत बिल्डिंगखालच्या गॅरेजात तो मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. उरलेली नजर गेली तरी हे काम सोडायचं नाही, एवढंच त्याने धरून ठेवलंय. म्हणून गेल्या महिन्यात त्याने तिथल्या कोपऱ्यात फळ्या बसवल्या. मी स्टुलावर बसून बघत होते.

"अरे, एवढी मोठी भिंत सोडून कोपरा कशाला?"

"भिंतीवर हात भरकटतो गं. कोपऱ्यात दोन्हीकडून अडतो."

कोपरा धड काटकोनातही नव्हता. त्याने पुठ्ठा आत दाबून बसवला, दुमडला तिथे कापला आणि त्या मापाने प्लायचे त्रिकोण केले. दोन्ही भिंतींना लाकडी पट्ट्या स्क्रूने आवळून त्यांवर ते ठेवले. एक गुडघ्याशी, एक कमरेशी, एक खांद्याशी. वस्तू पडू नयेत म्हणून पुढच्या कडेला बोटभर उंच पट्टी.

मग डोळे मिटून त्याने फळीवर काचेची गोटी ठेवली आणि कान लावला. गोटी घरंगळली. त्याने फळीखाली एका बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा सारला, गोटी पुन्हा ठेवली. आवाज नाही.

"बसली," म्हणाला.

हत्यारं मांडून झाल्यावर त्याने डोळे मिटूनच एकेक उचललं आणि माझा बंद पडलेला मिक्सर खोलून, जोडून, चालू करून दिला.  माझे हात आपसूक जोडले गेले.

दारातून त्याची बायको विनिता म्हणाली, "वन्सं, घरात डोळे उघडे असून यांना मिठाचा डबा सापडत नाही हो!"

आंबिवलीजवळ आम्ही चहाला थांबलो. उत्तमने कप चाचपून बाकावर ठेवला.

"ताई, एक करशील? दसऱ्याला विनिता सगळी हत्यारं खाली काढते, पुसते, पाटावर मांडून पूजा करते. नंतर हात जाईल तिथे ठेवते. मी बोललो, तर म्हणते, देवाच्या कामात अडवू नका. तुझं ऐकेल ती. यंदा पूजेला तू ये. जागच्या जागीच हळदकुंकू लाव. साधी पक्कडसुद्धा हलवू नको."