बारवेवरचे मास्तर

निजामाच्या राजवटीत आमच्या लोहाऱ्याकडं नारू लई. पायातून दोऱ्यागत किडा निघायचा आन् माणूस महिनाभर अंथरुणाला. तो पाण्यातून येतो, हे गावाला आमच्या मदरशातल्या, म्हंजे तवाच्या सरकारी शाळेतल्या, मास्तरांनी पटवलं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आन् बारवेत पाय बुडवायचा न्हाय. त्यावर नजर ठेवायला चार जणांची मंडळीबी काढली. पण रोज सकाळी बारवेवर उभं राहून ओरडणारे मास्तर एकटेच. "पाय वर! फडकं दुहेरी कर! मदरसा शिकलास ना रं?"

मी मंडळीतला चौथा. माझं काम म्हंजे मास्तरांची नक्कल करून बाकीच्यांना हसवणं.

एका हिवाळ्यात मास्तर दम्यानं आडवे झाले. तिसऱ्याच दिवशी लोक पुन्हा गुडघाभर पाण्यात. मी बारवेच्या कमानीआड लपलो, मास्तरांगत खाकरलो आन् ओरडलो, "पाय वर!" एक गडी असा उडाला की घागर पाण्यात!

आठ दिवस हेच. मग फुशारकीनं मास्तरांच्या खाटेपाशी गेलो. "मास्तर, आता तुमी निवांत पडा. तुमच्यावाचून काय अडत न्हाय."

"माझ्यावाचून न्हाय अडत. तुझ्यावाचून?" मास्तर खोकत हसले. "उद्या तू गावाला गेलास तर?"

गेलोच की, तुळजापूरला लग्नाला. चार दिवसांनी येतो तर फडकी घरात, पाय पाण्यात. तोंड पाडून मास्तरांना सांगितलं.

"मंग माझी नक्कल त्यांनाच शिकव," मास्तर म्हणाले.

बारवेच्या पायऱ्यांवर शाळा भरली. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण एका कानडी म्हातारीनं असं खाकरून डोळे वटारले की मीच दोन पायऱ्या वर गेलो. मग ठरलं, ज्या घरची घागर पहिली, त्या घरानं त्या दिवशी मास्तर व्हायचं. हौसेनं लोक अंधारातच घागरी घेऊन यायला लागले.

उन्हाळ्यात मास्तर काठी टेकत बारवेवर आले. मला डोळा घातला आन् मुद्दाम एक पाय पाण्याकडं नेला.

"पाय वर!" म्हातारी कडाडली. "मदरसा शिकलास ना रं?"

मास्तरांनी पाय मागं घेतला आन् तिला हात जोडले. "चुकलो, बाई."

त्या दिवसापास्नं म्या त्यांची नक्कल सोडली. माझ्याहून सरस करणारं अर्धं गाव झालं होतं. माझ्या वात्रटपणाला त्या माणसानं कामाला लावलं. हे उपकार काय फिटायचे न्हायत.