गाडीचं तोंड देवळाकडे

चौथ्यांदा ती पिकअप वर्कशॉपमध्ये आली, तेव्हाही इंजिन गरमच होतं. मी बॉनेटवर हात ठेवला आणि चिडलो.

"देवराव, थंड गाडी आण म्हटलं होतं न तुले?"

"थंड गाडी चालूच होत नाही, तं आणू कशी साहेब? मोहल्ल्यातल्या सहा जणांनी ढकलली."

बरोबरच होतं त्याचं. त्यामुळे मी आणखी चिडलो.

रायपुरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. देवराव महेशभैयांच्या पिकअपवर ड्रायव्हर. रोज सकाळी सहाच्या आत गोल बाजारात झेंडूची फुलं पोचवायची. दिवाळीनंतर सकाळी गाडी स्टार्ट होईना. फुलं उशिरा पोचली की महेशभैया आधी देवरावला फोन करत, मग मला.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. थंडीत आतली हवा तापवायला हीटर प्लग असतात. चावी अर्धी फिरवली की समोर पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा. बरेच ड्रायव्हर थांबत नाहीत. डिसेंबरात अशा दहा तक्रारी आल्या, तर सात तिथेच सुटतात.

मी पहिल्यांदा हीटर प्लग बदलले. दुसऱ्यांदा बॅटरी. तिसऱ्यांदा सेल्फ उघडून साफ केला. चौथ्यांदा गाडीच ठेवून घेतली. तीन दिवस सकाळी स्वतः चावी फिरवली. तिन्ही दिवस एका सेल्फमध्ये चालू.

महेशभैया समोरच उभे होते. "दादा, आप के हाथ से चालू, इस के हाथ से बंद. अब आप ही बताओ."

देवराव म्हणाला, "दिवा इझल्याबिगर मी चावी फिरवतच नाही न साहेब. तुमी एकडाव सकायी माह्या घरी येऊन पाहा."

"गाडीले तुझं घर समजते काय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग जॉब कार्डवर लिहिलं: गाडीत दोष नाही. ड्रायव्हर हीटरचा दिवा विझायची वाट पाहत नाही. खाली सही केली.

महेशभैयांनी त्याच दिवशी देवरावकडून चावी काढून घेतली. नवा ड्रायव्हर आला. गाडी रोज सकाळी बिनतक्रार चालू होऊ लागली. महेशभैयांनी मला मिठाईचा डबा पाठवला. मी तो खाल्ला, हेही लिहून ठेवतो.

मार्चमध्ये तीच पिकअप सर्व्हिसिंगला आली. काम उरलं म्हणून रात्रभर आमच्या रॅम्पवर राहिली, तोंड वर, शेपूट खाली. सकाळी सेल्फ मारला. चालू होईना. पुन्हा मारला. नाही. बाहेर उकाडा सुरू झालेला, तेव्हा थंडीवर ढकलायची सोय नव्हती. दिवा मी पूर्ण विझू दिला होता.

डिझेलच्या लाइनमध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला. आत बुडबुडे दिसले. कुठून तरी हवा शिरत होती. टाकीकडच्या बाजूला पंप डिझेल ओढतो, म्हणून फट असली तरी बाहेर थेंब पडत नाही. हवाच आत जाते. गाडी सपाट उभी असेल तर फारसा फरक पडत नाही. तोंड चढाला असेल तर लाइनमधलं डिझेल रात्रभरात मागे टाकीत उतरतं. सकाळी पंपाच्या वाट्याला नुसती हवा.

फट फिल्टरच्या बोल्टखालच्या तांब्याच्या वॉशरपाशी होती. जुना वॉशर आचेवर लाल करून मऊ करायचा आणि पुन्हा बसवायचा, ही आमची पद्धत. दिवाळीच्या सर्व्हिसिंगला नवा वॉशर स्टॉकमध्ये नव्हता, म्हणून तो मीच तसा बसवला होता. एका बाजूने चरा पडलेला होता. तो माझ्या चष्म्यातून निसटला.

दुपारी मी स्कूटर काढून पुरानी बस्तीत गेलो. देवराव घरी नव्हता. शेजारणीला विचारलं, पिकअप कुठे लावायचा?

तिने तलावाच्या बांधावर जाणारा चढ दाखवला. वर देऊळ. "मुँह मंदिर की तरफ. सुबह पहले गाड़ी को अगरबत्ती, फिर चाबी."

माझ्याकडे तीन दिवस गाडी सपाट जागेवर होती, नवा ड्रायव्हरही सपाट आवारात लावायचा. एवढाच फरक.

मी नवा वॉशर टाकला. जॉब कार्डवर लिहिलं: जनरल चेकअप. आणि गप्प बसलो. रिटायर होईपर्यंत, आणि नंतरही.

देवरावला पुन्हा कुणी डिझेल गाडी दिली नाही. स्टँडवर त्याचं नाव 'बत्तीवाला' पडलं, हीटरच्या दिव्यासाठी न थांबणारा म्हणून. तो ई-रिक्शा चालवू लागला.

गेल्या महिन्यात त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"माही चूक नव्हती हे मले तवाच माहीत होतं साहेब. मले काहून सांगून राहिले? ज्यायले माही चूक वाटली त्यायले सांगा."

महेशभैयांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे दादा, वो गाड़ी तो कब की बेच दी. चाय पियोगे?" मी चहा न पिता उठलो.

मग गोल बाजारच्या स्टँडवर गेलो. सगळं कागदावर लिहून नेलं होतं, सहीसकट. ड्रायव्हरांपुढे उभा राहून वाचलं. वॉशर, चढ, देऊळ, माझं नाव. एकजण ओरडला, "कक्का, अब क्या फायदा? ई-रिक्शा में तो हीटर ही नहीं होता!" हशा पिकला.

देवराव हसला नाही. त्याने कागद घेतला, घडी घातली आणि खिशात टाकला. "सवारी उभी आहे," म्हणाला आणि गेला.

सकाळी गाडी चालू होत नाही अशी तक्रार आली, तर रात्री ती कुठे आणि कशी उभी असते, ते आधी जाऊन पाहावं. चौबे कॉलोनीतल्या माझ्या घरापासून पुरानी बस्ती स्कूटरने पंधरा मिनिटांवर आहे.