कणकेतला अंगठा

आमच्या संभाजीनगरात आज जी काही टेबलं, खुर्च्या, पाट आणि देव्हारे न डुगडुगता उभे आहेत, ते सगळे माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याच्या कृपेनं उभे आहेत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आणि याच माणसाला मी तरुणपणी लग्नाला नकार दिला होता, हा मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे मागून कुणी टोमणा मारायला नको. ते मला बघायला आले तेव्हा मी कॉलेजात जाणारी, वेणीत अबोलीचा गजरा आणि डोक्यात नुसती हवा. पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले, तर मुलगा खुर्चीवर नाहीच! तो खुर्चीखाली. ओणवा होऊन तिचा एक पाय हलवून बघत होता. मग त्यानं खिशातून बसचं तिकीट काढलं, घडी घातली, पायाखाली सारली, वर बसून जरासं डुलून बघितलं आणि इतकं समाधानानं हसला, की मला वाटलं हा आता खुर्चीलाच पसंत करून उठतोय. मी आत जाऊन आईसमोर पाय आपटले. "मुलगी बघायला आलाय का फर्निचर?" माझ्या त्या वेळच्या अकलेप्रमाणं नवरा म्हणजे आल्याआल्या कविता म्हणणारा हवा. तसा मिळालाही. गोड माणूस, आता नाहीत, वाईट बोलणार नाही. पण त्यांनी जन्मात भिंतीत खिळा ठोकला नाही, आणि आमच्या स्वैपाकघरातलं कललेलं फडताळ शेवटी त्या खुर्चीखालच्या मुलानंच येऊन सरळ केलं. कारण मीच मोठ्या उदारपणे सुचवलं होतं, "मावशीच्या मुलीला दाखवा की! तिला असली मुकाट माणसं चालतात." चालली. ती माझ्याहून धाकटी, त्यामुळं मला बघायला आलेला माणूस लग्नाच्या मांडवातच मला "ताई" म्हणायला लागला आणि मी त्यांना "भावजी". मला तेव्हा जो धक्का बसला, तो पहिला. पुढं मोजणं सोडलं.

भावजींच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी पेचकस असतो. दवाखान्यात नंबर येईपर्यंत ते तिथल्या बाकाचे स्क्रू आवळतात. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी पंगतीच्या टेबलांवरून तळहात फिरवून येतात. एकदा आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो, माणूस जाऊन दोनच दिवस झालेले. येणाऱ्या प्रत्येकासरशी दार असं काही करकरायचं, की रडू थांबलेल्या बायका पुन्हा सुरू व्हायच्या. मान खाली घालून बसलेले भावजी हळूच उठले, स्वैपाकघरातून गोडेतेलाची वाटी मागून आणली आणि बिजागऱ्यांत तेल सोडायला लागले. मला जमीन दुभंगावी असं झालं. पण त्या घरची म्हातारी डोळे पुसून म्हणाली, "सकाळपासून इतके लोक आले, कुणाला ते दार ऐकू नाही आलं." परत येताना मी त्यांना खूप बोलले, तर म्हणाले, "ताई, डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बसलेला माणूस मोकळेपणानं रडत पण नाही. त्याचं अर्धं लक्ष तोलात असतं."

या अशा माणसाच्या घरात, सिडकोतल्या त्यांच्या फ्लॅटखाली, एक जुनी पेट्रोलची गाडी होती, आणि जगातली तेवढी एकच वस्तू त्यांनी खुशाल खडखडू दिली होती. मला त्याचं नवल वाटायचं. कारण पुढं कळलं. माझ्या बहिणीला काचबिंदू झाला. हळूहळू तिच्या डोळ्यांसमोरचं जग कडेनं मिटत गेलं. आता समोरचं माणूस तिला धुक्यातून यावं तसं दिसतं. पण बाई स्वाभिमानी. भाजीला जायची, देवळात जायची, कुणी हात धरला तर झिडकारायची. बाजारातून, देवळातून बाहेर पडली की गाडीच्या खडखडाटाच्या रोखानं चालत यायची आणि बरोबर आपल्याच दारावर हात ठेवायची. भावजी तिच्यासाठी गाडी चालूच ठेवत. कोपऱ्यावर ती गाडी वळली की ही घरात चहा टाके.

मग बंगळुरूच्या मुलानं प्रेमानं घात केला. आईबाबांना इलेक्ट्रिक गाडी भेट दिली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, आणि आवाज म्हणून नाही. पुढं जाळीसुद्धा नाही, नुसतं सपाट तोंड, एखाद्या बाळाच्या पोटासारखं. भावजी घरी येऊन सोफ्यावर बसले तरी बहिणीला पत्ता नसे. त्यांनी घसा खाकरला की ती किंचाळे. आणि पहिल्याच महिन्यात औरंगपुऱ्यात व्हायचं ते झालं. भाजी घेऊन ती पांढऱ्या गाडीचं दार उघडून आत बसली, पिशवी मांडीवर ठेवली आणि शेजारच्या माणसाला म्हणाली, "मेथी कडू निघाली ना, तर तुम्हालाच खायला लावीन." तो माणूस कुणी भलताच. त्याची बायको मागच्या सीटवर. त्या दोघांना काय वाटलं असेल ते असो, पण त्या बाईनं जे ऐकवलं ते लागलं. "दिसत नाही तर घरात बसावं ना आजी!" म्हणाली. माझी बहीण उतरली, घरी आली आणि खरोखरच घरात बसली. भाजी नाही, देऊळ नाही, भिशी नाही. मी किती विनवलं. "लई फिरले ताई," म्हणाली, "आता बास." लहानपणी विहिरीत उडी मारून मला भिववणारी ही, खिडकीपाशी बसलेली बघवेना.

भावजी खाली गेले आणि गाडीसमोर मांडी घालून बसले. मी वरून बघत होते. त्यांनी गाडीच्या तोंडावरून आंधळ्यासारखा हात फिरवला. खालून वर, वरून खाली. हाताला काही लागेचना. लागली ती एकच गोष्ट, पुढची नंबरप्लेट, इलेक्ट्रिक गाड्यांना असते ती हिरवी. शोरूमवाल्यांनी ती पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर बसवून पट्टी नुसती चिकटवून दिली होती, आणि ती पट्टी, तुमच्या लक्षात आलंच असेल, डुगडुगत होती.

तिथून पुढं आमच्या घराण्यात वेडाची साथ आली. गाडीला पुढं लावायचा प्लेटचा होल्डर, चार बोटं रुंदीची ती चौकट; लोक दुकानात जातात, बोट दाखवतात आणि घेऊन येतात. भावजी बहिणीची ओढणी डोळ्यांना बांधून सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकेका गाडीचं तोंड चाचपत फिरायला लागले. भर दुपारी! कुणाची तरी गाडी बोंबलायला लागली, शेजारचे वकील बनियनवर खाली धावले. "काका, काय हरवलं का?" "अजून नाही," भावजी ओढणी न सोडता म्हणाले. "हरवू नये म्हणून बघतोय." वकील माझ्याकडं असे बघायला लागले, की मी दुसऱ्याच जिन्यानं निघून गेले. 

सगळ्यात मोठा धक्का कणकेचा. एका सकाळी बहीण कणीक मळत होती. भावजी आले, लिंबाएवढा गोळा तोडला आणि म्हणाले, "इथं अंगठा दाब." तिनं दाबला. त्यांनी तो गोळा गच्चीवर उन्हात वाळवला, रुमालात बांधला आणि मला म्हणाले, "ताई, चला जालना रोडला." मी गेले. गंमत बघायला मी कुठंही जाते.

दुकानात चकचकीत होल्डरांची रांग लागली. भावजींनी डोळे मिटले आणि एकेकावरून हात फिरवायला सुरुवात केली. स्टीलचा नको, मे महिन्यात तिचा हात भाजेल. पातळ प्लास्टिकचा नको, कड बोट कापते. सोनेरी नक्षीचा एक तर त्यांनी ताबडतोब बाजूला सारला. नंबर झाकतो म्हणे, नियमात बसत नाही. दुकानदार बिचारा कानकोंडा झाला. "चचा, आँखां तो खोलो! लोगां रंग देखके लेते, तुम हात फिराके लेरे!" मग भावजींनी रुमाल सोडला आणि तो वाळका गोळा काउंटरवर ठेवला.

"ये क्या है चचा? आटा?"

"अंगूठा है," भावजी गंभीरपणे म्हणाले. "मेरी बायको का."

दुकानदार दोन पावलं मागं सरला. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझे दोन्ही अंगठे जागेवर आहेत का ते बघितलं, आणि "हौ" म्हणून हळूच खुर्चीत बसला. हसून हसून माझा दम कोंडला. भावजींनी मात्र एका चुंबकाच्या होल्डरवर जीव जडवला. भोकं पाडायला नकोत, हवा तेव्हा काढा, हवा तेव्हा लावा. घरी आणून त्यांनी तो गाडीला टेकवला आणि हात सोडला. होल्डर त्यांच्या पायावर पडला. पुन्हा टेकवला, पुन्हा पडला. गाडीचं पुढचं सगळं तोंड प्लास्टिकचं, चुंबक धरणार कशाला! एवढी मोठी गाडी आणि पुढून नुसती बादली, या गोष्टीचा भावजींना इतका धक्का बसला, की त्या रात्री ते जेवले नाहीत.

अखेर काळ्या जाड रबराचा, रुंद काठाचा एक साधा होल्डर पसंत झाला. त्याच्या वरच्या कोपऱ्यात भावजींनी कानशीनं एक खाच घासायला घेतली. जेवणाच्या टेबलावर, डोळे मिटून, एका हातात कणकेचा गोळा आणि दुसऱ्या हातात कानस. घासायचे, त्या खळग्यात आणि खाचेत आळीपाळीनं बोट घालून बघायचे, पुन्हा घासायचे. आमटीत रबराचा भुगा पडायचा. बहीण करवादायची, "अहो, मी घरातच बसणारंय ना! कुणासाठी चाललंय हे?" ते आपले घासतायत.

बसवायच्या दिवशी आम्ही शोरूमच्या वर्कशॉपमध्ये. हा होल्डर चिकटत नाही, गाडीच्या तोंडाला भोकं पाडावी लागतात, आणि नव्या कोऱ्या गाडीला भोक पाडायला तिथं कुणी पुढं होईना. फोनवर बंगळुरूहून मुलगा ओरडायला लागला, "बाबा, वेड लागलंय का? वॉरंटी जाईल!" भावजी म्हणजे भिंतीत खिळा मारायचा तर आठ दिवस भिंतीची माफी मागणारा माणूस. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "त्याला सांगा, त्याच्या आईचं बाहेर जाणं गेलंय. वॉरंटीचं नंतर बघू." आणि ड्रिल मशीन घेऊन स्वतः दोन भोकं पाडली. भोकं सरळ पडली. प्लेट तिथल्या लोकांनी नियमाप्रमाणं न उघडणारे लॉक ठोकून पुन्हा बसवून दिली. भावजींनी होल्डर धरून गदागदा हलवला. गाडी हलली, होल्डर हलला नाही.

आता प्रश्न एवढाच राहिला, की बहीण घराबाहेर येते का. आमच्या मामेभावाच्या नातीचं लग्न होतं, बीड बायपासच्या एका लॉनवर. बहीण रडली, भांडली, शेवटी अट घालून आली. "माझा हात कुणी धरायचा नाही. आणि नाय सापडली गाडी, तर पुन्हा मला बाहेर काढायचं नाव घ्यायचं नाही. कबूल?" भावजी "कबूल" म्हणाले.

जेवणं झाली. ऊन मी म्हणत होतं. बहीण उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी गाडीत जाऊन बसते." मी भावजींकडं बघितलं. ते मांडवाच्या दारात उभे राहिले, तिथून एक पाऊल पुढं गेले नाहीत. "अहो, जाऊ देताय काय एकटीला? गर्दी बघा!"

"मी बरोबर गेलो तर तो होल्डर बसवला कशाला, ताई?" म्हणाले, आणि पाठ फिरवून एका खुर्चीचा स्क्रू आवळायला बसले. ती खुर्ची मुळीच डुगडुगत नव्हती, मी बघितलं.

मला राहवलं नाही. मी मागं गेले. बाहेर मैदानभर गाड्या, आणि निम्म्याहून जास्त पांढऱ्या. पांढरी, पांढरी, हिरव्या प्लेटची पांढरी, पुन्हा पांढरी. उन्हानं माझेच डोळे दिपले. ती मात्र सावकाश एकेका गाडीच्या तोंडावरून हात फिरवत चालली होती. एकीत ड्रायव्हर झोपला होता, दचकून उठला. "ओ आजी, कोण पाहिजे?" "तू नाय रे बाबा," म्हणून ती पुढं. मग एका रांगेला ती भलतीकडंच वळली. आमची गाडी तर मला समोर दिसत होती, हिरवी प्लेट, पांढरा रंग! गेलं सगळं, भावजींचा तो गोळा, ती कानस, सगळं गेलं. मी धावत त्या गाडीपाशी पोचले, दोन्ही हात वर करून ओरडले, "अगं, इकडं! चुकलीस! ही बघ इथं आहे!"

पलीकडच्या रांगेत ती थांबली होती. वाकून, एका गाडीच्या नाकाशी. तिचा अंगठा त्या रबराच्या खाचेत अलगद बसला होता, आणि तो तिथून काढायची तिला काही घाई नव्हती. कितीतरी महिन्यांनी मी तिचा चेहरा असा बघत होते. मी ज्या गाडीला टेकून ओरडत होते, तिच्या आत कुणाचं तरी अख्खं कुटुंब पान खात बसलं होतं.

बहिणीनं आवाजाच्या रोखानं मान वळवली, दुसरा हात माझ्याकडं पुढं केला आणि म्हणाली, "ताई, ती आपली नाय गं. ये इकडं, माझा हात धर."