रडवा तिला

भाताची लावणी चालली होती. बांधावर पानांच्या इरल्याखाली माझा मुलगा निजला होता. पाजायला गेले तर तोंड उघडेना. ओठ निळे पडले होते. मी त्याला उलटा धरून पाठीवर थापट्या मारल्या. बाकीच्या बाया चिखलातून वर येईपर्यंत तो गेला होता. नुकता बसायला लागला होता.

आमच्या मावळात तेव्हा घरोघर लेकरांना अफू देत. आई दिवसभर खाचरात वाकलेली, लेकरू रडत राहिलं तर लावणी व्हायची कशी? नखाच्या टोकावर मावेल एवढी अफू दुधात कालवून पाजली की लेकरू गप निजे. आमच्या घरी हे काम सासूकडे होतं. ती स्वतःही अफू खायची. जन्म भातखाचरात गेला, गुडघे धरले, त्यावर कोणीतरी अफू सांगितली आणि ती जडली. कामशेतच्या बाजारात परवान्याच्या दुकानात मिळे. त्या सकाळी तिने मुलाला एकदा दिली. मग स्वतः खाल्ली. त्या तारेत आधी दिलेली विसरली आणि पुन्हा दिली.

हे तिनेच सांगितलं. गप्प राहिली असती तर लोकांनी देवाने नेला म्हटलं असतं.

मुलाला पुरून आलो तेव्हापासून तिने अफू बंद केली. नाकाडोळ्यांतून पाणी वाही. हातपाय झाडायची. अंथरुणात जुलाब होत. माझ्या नवऱ्याला बघवेना.

"आई, थोडी आनतो."

"आनलीस तर तुज्या हातचं पानी पिनार न्हाई."

मी तिची लुगडी धुतली. दया आली म्हणून नाही. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं.

पाणवठ्यावर बाया हसत. "म्हातारीनं अफू सोडली म्हनं."

"सोडल की. आमच्या मांजरीनं बी एकादशी धरलीया."

पुढे मुलगी झाली आणि लावणी आली. सासूने तिला घ्यायला हात पुढे केले.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्याकडं न्हाई देनार."

"नको दिऊस. मग कुनाकडं ठिवशील?"

कोणीच नव्हतं. दिली.

लावणी करताना मागे मागे सरकत जावं लागतं. माझी पाठ बांधाकडे. दिसायचं काही नाही, म्हणून मी रडणं ऐकत रोपांचा आवा लावी. रडणं थांबलं की हात थांबे.

"आत्याबाई, रडवा तिला."

सासू पोरीच्या तळपायाला चिमटा काढी. पोरगी किंचाळे. मग मी पुढचा आवा लावी.

शेजारच्या खाचरातली बाई वैतागली. "म्हातारे, कान किटलं. दे की तिला नखभर."

"तुज्या कानात घाल," सासू म्हणाली.

एका सकाळी मी निघाले तर ती उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली. ओलीने गुडघे सुजले होते. पोरीकडे तिने पाहिलं नाही.

"आज मला पोर दिऊ नको. मी खाल्लीया."

मी पोरीला पाठीशी बांधलं आणि चिखलात उतरले. वाकलं की तिचं डोकं माझ्या मानेवर आपटे. त्या दिवशी माझ्या हातून निम्मं काम झालं.

पुन्हा तेच जुलाब, तेच हातपाय झाडणं. लावणी संपत आली तेव्हा ती काठी टेकत बांधावर आली आणि बसली. पोरगी पाठीवरून सोडून तिच्या मांडीवर ठेवली. खाचरात उतरल्यावर म्हटलं, "रडवा तिला." तिने रडवलं.

मुलगी मोठी झाल्यावर विचारी, आजीला माफ केलंस का? मी म्हणे, मला वेळ नव्हता.

सासूने पुन्हा अफू खाल्ली नाही. गुडघे शेवटपर्यंत दुखले. मुलाचं नाव आम्ही घरात परत कोणाला ठेवलं नाही. मुलगी जगली. सासू तिचं लग्न बघून गेली. मी आहे.