शुक्रवार पेठेतले घाबरे जीव

दवाखान्यात रिकाम्या बाटल्या जमतात तसे किस्सेही जमतात. बाटल्या निदान धुऊन परत वापरता येतात. किस्से मात्र तसेच पडून राहतात आणि चार मंडळी चहाला बसली की कुणीतरी एकाचं बूच उघडतं, मग बाकीचे आपसूक बाहेर येतात.

पहिलं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि मी तिथला कंपाउंडर. चौदा वर्षं मिक्श्चरं ढवळली! ताप, खोकला, खरूज हे रोजचंच. पण मला अजून नवल वाटतं ते निराळ्याच पेशंटांचं. छातीवर हात, ओठ कोरडे, तळवे बर्फासारखे गार, आणि तोंडी एकच वाक्य, "गेलो, डॉक्टर, गेलो!" अर्ध्या तासानं हाच माणूस स्वतःच्या पायांनी घरी जायचा.

लोक म्हणायचे, बाहेरची बाधा आहे. कुणी म्हणायचे, नखरे आहेत. आमचे डॉक्टर म्हणायचे, "जीव घाबरा झालाय." आणि त्यांचा एक कडक नियम होता. 'काही झालं नाही' हे वाक्य आमच्या दवाखान्यात उच्चारायचं नाही!

"गोविंदराव," ते मला म्हणाले होते, "त्याला समोर मरण दिसतंय, आणि आपण म्हणायचं काही झालं नाही? मग तो आपलं पुढचं कशाला ऐकेल?"

*

एकदा टांग्यातून एक पैलवान आला. दार त्याला अपुरं पडत होतं. तालमीत जोर मारता मारता छाती धडधडायला लागली आणि गड्याचा धीर सुटला. दोघांनी धरून आणलं. डोळे पांढरे, सगळं अंग घामानं निथळलेलं.

"डॉक्टर, काळीज बंद पडाय लागलंय!"

डॉक्टरांनी त्याला तपासलं. मग स्टेथॉस्कोपच्या नळ्या स्वतःच्या कानांतून काढून सरळ पैलवानाच्या कानांत घातल्या आणि दुसरं टोक त्याच्याच छातीवर टेकवलं. "ऐका. बंद पडतंय का बघा."

पैलवान ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू निवली आणि तिथं लहान पोरासारखं कुतूहल आलं.

"आयला! ह्ये तर लेझीम खेळतंय की!"

"शरीरात एक पहारेकरी असतो," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी मांजर बघून तो चोर चोर म्हणून ओरडतो. मग काळीज धावतं, श्वास धावतो. पहारेकरी खोटा नाही, पण चोरही आलेला नाही."

पाच मिनिटं झाली. पैलवान एकदम कुजबुजला, "डॉक्टर, ते हळू झालं ओ! मी ऐकाय बसलो म्हणून लाजलं व्हय?"

पुढे तो महिन्यातून एकदा यायचा. दुखणं काही नसायचं. बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "गोविंदराव, जरा नळी द्या की. आपलं काळीज ऐकून जातो!"

*

नरसम्मा मिलमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होती. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली, मराठीही झकास बोलायची. तिच्या डोळ्यांदेखत एका बाईचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला होता. ती बाई वाचली, पण नरसम्माच्या मनात ते घर करून बसलं. मिलचा भोंगा वाजला की तिचे हातपाय लटपटायचे, श्वास पुरायचा नाही. महिनाभर ती कामाला गेली नव्हती, आणि घरातली मिळवती तीच.

डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. मला म्हणाले, "गोविंदराव, उद्यापासून रोज सकाळी यांच्याबरोबर चालत जायचं. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. जिथं जीव घाबरेल तिथं थांबायचं. पळून यायचं नाही. ते उतरेपर्यंत उभं राहायचं."

पहिल्या दिवशी कोपऱ्यावर ती विजेच्या खांबाला धरून अर्धा तास उभी होती. येणारेजाणारे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बाई हटली नाही! दुसऱ्या दिवशी पुढचा चौक. पाचव्या दिवशी मिलची भिंत. नवव्या दिवशी आम्ही थेट फाटकापाशी.

आणि नेमका आमच्या डोक्यावरच भोंगा वाजला. इतक्या जवळून मी तो कधी ऐकलाच नव्हता. मी दचकून दोन पावलं मागे!

नरसम्माचा चेहरा घामानं डबडबला होता. तरी तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घाबरू नको, अण्णा. थोडा वेळ राहतंय, मग जातंय. मी हाय की!"

आणि ती आत गेली. मी फाटकाबाहेरच.

*

बार्शीचे एक वकील होते. बोलायला वाघ, पण कोर्टात उभं राहायची वेळ आली की पोटात गोळा, जीभ टाळ्याला. मी त्यांना मिक्श्चरची बाटली करून दिली होती, कागदाची पट्टी चिकटवून, सहा डोस. वकीलसाहेब ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे.

दोन वर्षं झाली तरी दुसरी बाटली न्यायला आले नाहीत. एकदा भेटले तेव्हा मी विचारलं, "साहेब, औषध संपलं नाही?"

"संपेल कसं? मी बूचच उघडलं नाही!"

"का हो?"

"प्यालो तर संपेल ना!"

मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या बाटलीचा मान ठेवा."

मग एके दिवशी संध्याकाळी वकीलसाहेब आले ते पांढरेफटक. "डॉक्टर, बाटली फुटली! कोर्टात, जिन्यावर!"

"कधी?"

"अकराला."

"मग केसचं काय झालं?"

"चालवली. दोन तास बोललो. जिंकलो."

"मग घाबरलात कधी?"

वकीलसाहेबांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. "आत्ता! चहा पिताना आठवलं तेव्हा!"

*

आता हा किस्सा सांगायला मला लाज वाटते, तरी सांगतो.

रहीमचाचा आमच्या गल्लीतले शिंपी. वर्षातून दहा-बारा वेळा छाती धरून यायचे. डॉक्टर दर वेळी नाडी, छाती, पोट सगळं पहिल्या दिवसासारखं तपासायचे. मला कंटाळा यायचा. एकदा दुपारी चाचा पुन्हा दारात दिसले आणि मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "आले परत!"

डॉक्टरांनी ते ऐकलं.

चाचा बाकावर बसले. अगदी शांत. आवाजसुद्धा शांत. "डाक्टरसाब, पेट में दुखरा. लेकिन आज डर नै लगरा. इसीलिए आया."

मी हसणार होतो. डॉक्टर ताडकन उठले. पोटाला हात लावला आणि मला म्हणाले, "टांगा आणा. पळा!"

तासाभरात चाचांना मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. आतडं सडायला आलं होतं. आणखी उशीर झाला असता तर चाचा गेलेच होते. वीस दिवसांनी ते काठी टेकत आले आणि मला नवा सदरा शिवून दिला. तो घालताना माझी मान वर होईना.

*

आणि हा माझा स्वतःचा.

भर दुपार होती. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. बाकावर एकच पेशंट, एक धनगर म्हातारी. सांगोल्याकडची. तिकडे पाऊस नाही म्हणून शेळ्या-मेंढरं घेऊन त्यांचा वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, सोलापूरच्या बाजूला उतरला होता. तिचे डोळे आले होते.

मी मापाच्या ग्लासात औषध ओतत होतो. कारण काही नव्हतं. घरी सगळं ठीक, मीही ठणठणीत. आणि एकाएकी छातीत कुणीतरी दाणकन लाथ मारावी तसं झालं. ग्लास हातातून पडून फुटला. श्वास येईना. चौदा वर्षं मी हेच बघत होतो! पहारेकरी, मांजर, सगळं तोंडपाठ होतं. एक अक्षर कामाला येईना. मी दाराकडे धावलो.

म्हातारीनं माझा हात धरला. केवढी पकड!

"पळू नगंस. खाली बस."

"आजी, मी मरतोय!"

"मरशील तवा मरशील. आदी बस की. वावटळीत मेंढरू पळालं की हातचं जातंय. खाली मुंडी घालून बसलं की ऱ्हातंय."

मी भिंतीला पाठ लावून बसलो. ती समोर उकिडवी बसली. तिच्या हातांना लोकरीचा आणि दुधाचा वास येत होता.

"आजून वाढंल बग. वाढू दे. आडवू नगं. वाढलं की उतारच हाय त्येला."

वाढलं. खरंच वाढलं. आणि मग, काय सांगू, उतरलं. भर उन्हातून सावलीत यावं तसं. तिनं माझा हात सोडला नव्हता.

तेवढ्यात डॉक्टर आले. फुटलेला ग्लास, जमिनीवर बसलेला मी, समोर म्हातारी. मी अडखळत सगळं सांगितलं. डॉक्टर तिच्यापुढे जमिनीवरच बसले.

"आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्येच्यात? मलाबी आसंच येतंय की."

"कधी येतं?"

"रोज. उजाडलं की. मालक गेलं तवापास्नं."

"मालक कधी गेले?"

"थोरल्या दुष्काळात."

डॉक्टरांनी मनात हिशेब केला असावा. तीस वर्षं होत होती.

"आज सकाळीपण आलं होतं?"

"व्हय. येऊन गेलं."

"आणि ते आलं की तुम्ही काय करता?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डॉक्टरांकडे.

"काय करतीया? शेळ्या वरडत असत्यात की. धारा काढतीया!"